रुग्णशय्येजवळची उमेदवारी

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत शिक्षण साहाय्य निधीच्या नियमांचा विचार चालू असता एका निवृत्त शिक्षक सभासदाने दिलेले व्याख्यान)



आज सभेपुढे जो ठराव आला आहे तो दिसावयास लहान आहे. आपल्या ज्ञातीतील ज्या मुली परिचर्याशास्त्राची बी. एस्सी. पदवी मिळवतील, मग त्या येथील असोत वा परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील असोत, त्यांना ‘नर्स प्रॅक्टिशनर’ होण्यासाठी निधीतून पदवी हाती पडताच कर्ज द्यावे, असा त्याचा आशय आहे. ठराव मांडणाऱ्या गृहस्थांचा हेतू निर्मळ आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. मुली पुढे जाव्यात, मोठ्या अधिकाराच्या जागी बसाव्यात, असे त्यांना वाटते आणि मलाही तसेच वाटते. परंतु ‘पदवी हाती पडताच’ हे जे तीन शब्द ठरावात आहेत, त्यांच्यापाशी माझे पाऊल अडते. त्या तीन शब्दांविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिकनंतर अध्यापनाची पदविका घेऊन ३६ वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकवलेला एक साधा शिक्षक आहे. निवृत्तीनंतर निधीचे अर्ज तपासण्याचे काम मंडळाने मजवर सोपवले. त्या निमित्ताने परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलींशी, त्यांच्या पालकांशी आणि वर्षानुवर्षे वॉर्डात राबणाऱ्या आपल्या भगिनींशी बोलण्याचा योग आला, आणि ज्या विषयाचा गंध नव्हता त्याविषयी पुष्कळ वाचावेही लागले. त्या बळावरच हे धाडस करीत आहे.

प्रथम, नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे कोण, हे स्पष्ट केले पाहिजे. कारण आपल्यापैकी अनेकांना ते केवळ ‘मोठी नर्स’ असे वाटते. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर रुग्णाला तपासते, रक्ताच्या व इतर चाचण्या करावयास सांगते, रोगाचे निदान करते आणि औषध लिहून देते. तेथील निम्म्याहून अधिक राज्यांत ही सर्व कामे ती कोणत्याही डॉक्टरच्या देखरेखीवाचून करू शकते. अशा परवानाधारकांची संख्या तेथे आज चार लाखांहून अधिक आहे. खेड्यापाड्यांत, जेथे डॉक्टर जावयास राजी नसतात, तेथे पुष्कळदा तीच सर्व काही असते.

ही कल्पना निघाली १९६५ साली, कोलोरॅडो विद्यापीठात. लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी मिळून मुलांच्या आरोग्यासाठी असा पहिला अभ्यासक्रम उभा केला. फोर्डबाई स्वतः कोण होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी रुग्णालयात राहून परिचर्येचे शिक्षण घेतले होते, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात परिचारिका म्हणून काम केले होते, आणि नंतर कोलोरॅडोच्या ग्रामीण भागात घरोघर व लहान दवाखान्यांतून मुलांची तपासणी केली होती. डॉक्टर नसलेल्या ठिकाणी परिचारिका प्रत्यक्षात किती निर्णय घेत असते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. ते निर्णय तिने अधिक ज्ञानाने व अधिकाराने घ्यावेत, एवढाच त्यांचा आग्रह होता. २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या १०४ व्या वर्षी, त्या निवर्तल्या. सांगण्याचा मुद्दा असा की, हे घर बांधले गेले ते अनुभवी परिचारिकांसाठी. पाया आधीच भरलेला आहे असे गृहीत धरूनच वरचा मजला चढवला होता.

पुढे काळ बदलला. एखाद्या अन्य विषयाची पदवी घेतलेल्या व्यक्तीनेही परिचर्येचे व त्यावरचे उच्च शिक्षण सलग सुमारे तीन वर्षांत घ्यावे, असा अभ्यासक्रम येल विद्यापीठाने १९७४ साली सुरू केला. आज अनेक विद्यापीठांत परिचर्येची पदवी घेतलेली मुलगी एकही दिवस पगारी परिचारिका म्हणून खाटेजवळ उभी न राहता पुढच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेऊ शकते. काही शिक्षण तर घरी बसून, संगणकाच्या पडद्यावरून चालते. आपल्या निधीकडे आलेल्या दोन अर्जांपैकी एक अशाच मार्गाचा आहे.

येथे मला माझ्या धंद्यातला हिशेब मांडू द्या. अमेरिकेतील अशा अभ्यासक्रमांसाठी २०२२ साली जी मानके ठरली, त्यांत रुग्णांच्या प्रत्यक्ष सेवेचे किमान ७५० तास सांगितले आहेत. त्यापूर्वी पुष्कळ वर्षे ५०० तासांवर काम भागत असे. दिवसाचे आठ तास धरले तर ७५० तास म्हणजे ९४ दिवस. तीन महिन्यांहून थोडे अधिक! आता वॉर्डात काम करणारी परिचारिका पाहा. आठवड्याचे ४० तास आणि रजा वजा जाता वर्षाचे ४८ आठवडे धरले, तर तिचे वर्षाला १,९२० तास होतात. दोन वर्षांचे ३,८४०. जिच्यापाशी हे ३,८४० तास आधीच आहेत तिच्या दृष्टीने ते ७५० तास पुरेसे असतीलही. परंतु जिच्यापाशी विद्यार्थिदशेतील अनुभवाखेरीज काहीच नाही, तिने त्या ९४ दिवसांत रोगी ओळखावयास शिकावे, औषध द्यावयास शिकावे की निदान करावयास शिकावे?

विद्यार्थिदशेतील अनुभव मी कमी लेखतो आहे असे कोणी समजू नये. परंतु अध्यापन विद्यालयात असताना आम्हीही सराव पाठ देत होतो. मागच्या बाकावर आमचे प्राध्यापक वही घेऊन बसलेले असत, वर्गातील मुले त्यांच्या धाकाने देवळातल्यासारखी शांत असत, आणि पाठ संपला की जबाबदारी संपे. साठ मुलांचा वर्ग, बाहेर पाऊस, एक मूल रडते आहे, दुसरे वांती करते आहे, आणि मागच्या बाकावर कोणीही नाही, ही शाळा मला नोकरीच्या पहिल्या वर्षी समजली. अध्यापन विद्यालयात समजली नव्हती.

आता खाटेजवळ नेमके काय शिकावयास मिळते, हे पाहू. हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि यासाठी मी आपल्या ज्ञातीतील दोन ज्येष्ठ सिस्टरांना पुष्कळ त्रास दिला आहे.

रोगी एकाएकी बिघडत नसतो. तो बिघडू लागलेला असतो, आणि ते आपल्याला एकाएकी कळते. निरोगी माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. शरीरात काही तरी बिनसू लागले की पुष्कळदा ही गती प्रथम वाढते. रक्तदाब मात्र अद्याप कागदावर ठीक दिसत असतो. पण श्वास मोजण्यासाठी घड्याळ समोर धरून एक मिनिटभर रोग्याच्या छातीकडे पाहत उभे राहावे लागते, आणि त्या मिनिटाचाच आळस सर्वत्र केला जातो. लघवी कमी होऊ लागणे, हातपाय गार पडणे, शांत माणसाने अंथरुणात चुळबुळ करू लागणे, या सर्व सूचना असतात. वृद्ध माणसाला जंतुसंसर्ग झाला तर कधी कधी ताप येतच नाही. आजोबा फक्त भलतेच बोलू लागतात, सुनेला बहिणीच्या नावाने हाका मारतात. घरची माणसे म्हणतात, ‘वय झाले, चालायचेच.’ अनुभवी सिस्टर म्हणते, ‘काल असे नव्हते.’ ‘काल असे नव्हते’ हे वाक्य बोलता येण्यासाठी काल तेथे असावे लागते, आणि काल कसा असतो हे शेकडो रोग्यांचे शेकडो काल पाहिल्यावाचून कळत नाही.

दुसरी गोष्ट औषधाची. औषध लिहिणारा चिठ्ठी लिहून निघून जातो. ते औषध पोटात गेल्यावर काय होते हे परिचारिका पाहते. एका सिस्टरांनी मला सांगितलेले उदाहरण ऐका. हृदयाच्या रोग्याला अंगावरची सूज उतरावी म्हणून लघवी जास्त होण्याची गोळी देतात. ती गोळी रात्री आठ वाजता लिहिली, तर औषधशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे काहीही चुकले नाही. परंतु ते सत्तर वर्षांचे गृहस्थ रात्रीतून पाच वेळा उठतात, अंधारात चाचपडत संडासाकडे जातात, आणि पाचव्या वेळी पडून खुब्याचे हाड मोडून घेतात. ज्या परिचारिकेने असे एक मोडलेले हाड पाहिले आहे, ती पुढे स्वतः औषध लिहू लागली तर ती गोळी सकाळीच लिहील. इन्सुलिनचेही तसेच. इंजेक्शन वेळेवर टोचले, पण जेवणाचे ताट अर्धा तास उशिरा आले, म्हणजे काय होते, हे घामाने थबथबलेला, थरथरणारा रोगी पाहिल्यावर जन्मभर विसरत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे माणसाशी बोलणे. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला प्रत्येक रोगी ‘हो’ म्हणतो. गोळ्या परवडत नाहीत म्हणून तो त्या एक दिवसाआड घेतो, हे त्याची बायको पाठ पुसून घेताना सिस्टरला हळूच सांगते. डॉक्टरला सांगत नाही. पाठ पुसण्याचे काम ज्याला हलके वाटते त्याला हे कधीच कळावयाचे नाही.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाला त्यात स्वतंत्र पायाचा मान आहे. तो वैद्याचा हरकाम्या नव्हे. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी माया आणि शुचिता हे त्याचे चार गुण होत. आणि वैद्याच्या चार गुणांत शास्त्राच्या निर्मळ ज्ञानाला जोडूनच जो दुसरा गुण सांगितला आहे तो ‘दृष्टकर्मता’, म्हणजे कर्म पुष्कळ वेळा प्रत्यक्ष पाहिलेले असणे. जी परिचारिका उद्या निदान करणार, औषध लिहिणार, ती दोन्ही पादांवर उभी राहणार आहे. तिला दोघांचेही गुण लागतील, हे उघड आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली, तीही रुग्णालयाच्या आवारात, वॉर्डाला लागून. त्यांच्या लिखाणात निरीक्षणावर जितका भर आहे तितका क्वचितच अन्य कशावर असेल. आणि अलीकडच्या काळातील पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ विदुषींनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परिचारिकेच्या वाढीच्या पाच पायऱ्या दाखवल्या आहेत. त्यांपैकी तिसऱ्या पायरीवर, म्हणजे कामाचे नीट नियोजन करून ते स्वतंत्रपणे निभावण्याच्या पायरीवर, परिचारिका एकाच प्रकारच्या कामात साधारण दोन-तीन वर्षे घालवल्यावर पोचते, असे त्या म्हणतात. मी पुढे दोन वर्षांची गोष्ट करणार आहे, ती हवेतून काढलेली नाही.

एक घरचीच हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या वहिनींच्या पोटावर एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या रात्री वॉर्डात एक नवी, हुशार, पदवीधर मुलगी आणि तिच्याबरोबर एक पन्नाशीच्या सिस्टर अशा दोघी होत्या. मुलीने नाडी, रक्तदाब, ताप, सर्व काही वेळच्या वेळी नोंदवले. एकही आकडा चुकला नव्हता, आणि एकही आकडा घाबरण्यासारखा नव्हता. नाडी थोडी वाढली होती इतकेच. मोठ्या सिस्टर सहज फेरी मारताना खाटेपाशी थांबल्या, त्यांनी वहिनींचा हात हातात घेतला, आणि तडक जाऊन डॉक्टरांना झोपेतून उठवले. पोटात आतल्या आत रक्तस्राव चालू झाला होता. पहाटेच्या आत पुन्हा शस्त्रक्रिया झाली, आणि वहिनी वाचल्या. दोन दिवसांनी मी त्या सिस्टरांना विचारले, ‘तुम्हाला कसे कळले?’ त्या म्हणाल्या, ‘गुरुजी, नीट सांगता नाही यायचे. हात गार लागला, हे तर झालेच. पण तुमच्या वहिनी, कोणी खाटेजवळ आले की आधी पदर सारखा करतात. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा करीत होत्या. त्या रात्री मी जवळ गेले, तर त्यांनी पदराला हातही लावला नाही.’

त्या नव्या मुलीला मी दोष देत नाही. तिने जे शिकवले होते ते अचूक केले. आज ती त्याच वॉर्डात आहे आणि मोठ्या सिस्टरांच्या तालमीत तयार झाली आहे, असे ऐकतो. परंतु समजा, त्या रात्री ती वॉर्डात नसून सहा महिन्यांपूर्वीच उच्च पदवी घेऊन एखाद्या दूरच्या दवाखान्यात एकटी बसली असती. समोर पोट दुखणारी बाई आहे, पंधरा मिनिटांचा वेळ आहे, आकडे ठीक आहेत. तिला घरी पाठवावयाचे की मोठ्या रुग्णालयात? शेजारी हात हातात घेऊन पाहणारी कोणी नाही. नर्स प्रॅक्टिशनरचे सगळे काम या एका प्रश्नात आहे.

आता अप्रिय बोलतो, त्याची क्षमा असावी. वॉर्डात न थांबण्याची जी घाई आपल्याकडे दिसते, ती सर्वस्वी ज्ञानाच्या ओढीने आलेली नाही. रोग्याचे मलमूत्राचे भांडे उचलणे, परक्या पुरुषाचे अंग पुसणे, कोणा जातीचा कोण हे न पाहता त्याचे तोंड धुणे, ही कामे आपल्या ज्ञातीत एके काळी कमीपणाची मानली जात. मुलगी नर्स होते म्हटले की सोयरिकीची बोलणी थांबत. आज कोणी उघड तसे म्हणत नाही. पण ‘आमची मुलगी नुसती नर्स राहणार नाही हो, ती प्रॅक्टिशनर होणार’ असे जेव्हा बाप सांगतो, तेव्हा त्या ‘नुसती’ या शब्दात जुनी किळस पुन्हा डोके वर काढते. याच पुण्यात १८९७ साली प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने, लोकनिंदा सोसून, विधवा व परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी धाडले. आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांची गोष्ट तर आपल्या डोळ्यांसमोरची आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये झालेल्या भीषण हल्ल्यानंतर ही तरुण परिचारिका मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत शुद्धीवर अशी आलीच नाही. जवळजवळ ४२ वर्षे तेथील परिचारिकांनी तिला भरवले, न्हाऊ-माखू घातले, कुशीवर वळवले. इतक्या वर्षांत त्या खिळलेल्या देहाला त्यांनी शय्याव्रण होऊ दिला नाही. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, आणि काम तसेच चालू राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालपत्रात या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणे म्हणजे काय, हे ज्यांनी घरी एखाद्या पक्षाघाताच्या रोग्याची एक महिना जरी सेवा केली असेल, त्यांना मी सांगावयास नको. ‘नुसती नर्स’ म्हणणाऱ्यांनी तो एक महिना आठवावा.

तथापि विरुद्ध बाजूचे म्हणणेही मला ठाऊक आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अमेरिकेत या विषयावर जे थोडे लहानसे अभ्यास झाले, त्यांत परिचारिका म्हणून काढलेली वर्षे आणि नर्स प्रॅक्टिशनर म्हणून दिसणारे कौशल्य यांचा सरळ संबंध आढळला नाही. ते खरे मानावयास मला अडचण वाटत नाही. वर्षे मोजणे म्हणजे अनुभव मोजणे नव्हे. माझ्या शाळेत असे शिक्षक होते की, ज्यांनी तीस वर्षे शिकवले असे सांगितले जाई. वास्तविक त्यांनी एकच वर्ष तीस वेळा शिकवले होते. दहा वर्षे एकाच शस्त्रक्रियागृहात उपकरणे मांडणारी परिचारिका मुलांच्या दवाखान्यात गेली तर तिलाही नव्यानेच आरंभ करावा लागेल. शिवाय वॉर्डात मुरलेल्या परिचारिकेला आज्ञा पाळण्याची सवय जडते, आणि पुढे स्वतः निर्णय देण्याची वेळ आली की ती सवय आड येते, असेही म्हणतात. म्हणून दहा वर्षे वॉर्डात काढा, असे मी कधीच म्हणणार नाही. मुलींचे उमेदीचे वय असे खर्ची घालणे अन्यायाचे होईल. पण या आक्षेपांतून निघते ते इतकेच की, अनुभव योग्य ठिकाणी, योग्य मुदतीचा आणि डोळे उघडे ठेवून घेतलेला असावा. तो नसला तरी चालेल, असे त्यांतून निघत नाही.

येथील नियमही तेच सांगतात. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा जो दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आखला, त्याच्या प्रवेशासाठी पदवीनंतर किमान एक वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव मागितला आहे. केंद्र सरकारने २०१८ साली प्रसूतिसेवेसाठी नर्स प्रॅक्टिशनरची जी योजना जाहीर केली, तिच्या १८ महिन्यांच्या शिक्षणासाठीही आधी प्रसूतिकक्षात हात चाललेला असावा लागतो. म्हणजे आपला ठराव जसाच्या तसा संमत झाला, तर येथील मुलींना त्याचा उपयोगच नाही; तो केवळ परदेशी सलग शिकणाऱ्या मुलींसाठी उरतो. हे मांडणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. शिवाय आपल्याकडे अशा शिक्षितांना स्वतंत्रपणे औषध लिहिण्याचा अमेरिकेसारखा अधिकार मिळालेला नाही, आणि त्यांच्यासाठी जागाही फार थोड्या आहेत. याची कल्पना पालकांनी आधीच घ्यावी.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तोच खरा काटा आहे. खाजगी रुग्णालयांत नव्या परिचारिकेला जो पगार देतात तो ऐकून मान खाली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपये वेतन द्यावे असे सुचवले होते. ती शिफारस सर्वत्र पाळली जात नाही, हे सभेत बसलेल्या भगिनी आपल्याला सांगतील. शिक्षणाचे आधीचे कर्ज डोक्यावर, वसतिगृहाचे भाडे, त्यात रात्रपाळी; अशा मुलीला ‘दोन वर्षे अनुभव घे’ असे व्यासपीठावरून सांगणे फार सोपे असते. सांगणाऱ्याने तिचा भार थोडा तरी उचलला पाहिजे, नाही तर त्याने सांगू नये.

म्हणून माझी दुरुस्ती अशी आहे. पदवी मिळताच कर्जाचे मंजुरीपत्र मुलीच्या हाती द्यावे, म्हणजे तिला व तिच्या घरच्यांना निश्चिंती वाटेल. रक्कम मात्र तिने दोन वर्षे प्रत्यक्ष रुग्णसेवा केल्यावर द्यावी. ही सेवा शक्यतो सर्वसाधारण औषधोपचाराच्या, शस्त्रक्रियेच्या किंवा प्रसूतीच्या वॉर्डात व्हावी, कारण तेथे नाना प्रकारचे रोगी दिसतात. ज्या मुलींनी आधी जी. एन. एम. होऊन नोकरी केली व नंतर पदवी घेतली, त्यांची ती सेवा धरली जावी. त्यांना पुन्हा थांबवणे हे नियमाचे वेड होईल. अमेरिकेत पुष्कळ परिचारिका नोकरी सांभाळून अर्धवेळ पुढचा अभ्यासक्रम करतात. आपल्या तेथील मुलीने तसे केले तर कर्जाचे हप्ते पहिल्या वर्षापासूनच द्यावेत, कारण तिची सेवा व शिक्षण बरोबरच चालेल. आणि येथील मुलींना त्या दोन वर्षांत वसतिगृहाच्या भाड्यापुरते बिनव्याजी साहाय्य निधीने दरमहा द्यावे. त्याची रक्कम निधी समितीने ताळेबंद पाहून ठरवावी. यासाठी लग्नसमारंभांच्या देणग्यांतून येणारा भाग वर्ग करता येईल, असे खजिनदारांचे मत पडले आहे.

दोन वर्षांत मुलीचे लग्नाचे वय निघून जाईल, ही शंका मला तीन पालकांनी बोलून दाखवली. तिचे उत्तर माझ्यापाशी नाही. ते मुलींपाशी आहे, आणि त्यांना ते अद्याप कोणी विचारलेले दिसत नाही.

दुरुस्तीचा लेखी मसुदा मी चिटणिसांच्या स्वाधीन केला आहे. अनुमोदनासाठी ज्या भगिनींनी नाव दिले आहे त्या रात्रपाळी आटोपून सरळ स्टेशनवरून येथे आल्या आहेत, आणि आज पुन्हा त्यांना रात्री कामावर जावयाचे आहे. तरी जेवणाची पंगत बसण्यापूर्वी त्यांना बोलू द्यावे, अशी अध्यक्षमहाराजांस विनंती आहे.